मैत्रिणीचे आमंत्रण



ग्रीक व रोमन जगाचा अभ्यास म्हणजे सम्राटांची नावे व सनावळ्या पाठ करणे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु त्याचा प्रारंभ एखाद्या साध्या पत्रापासूनही करता येतो.

इंग्लंडच्या उत्तरेस विंडोलांडा येथे रोमन सैन्याचा तळ होता. तेथील ओल्या मातीत हवा न लागल्यामुळे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या टिकल्या. १९७३ पासून त्या सापडू लागल्या. त्यांतील एक पत्र इसवी सन १०० च्या सुमाराचे आहे. क्लॉडिया सेवेरा ही सेनाधिकाऱ्याची पत्नी आपली मैत्रीण सुल्पिशिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबर रोजी वाढदिवसाला आग्रहाने बोलावते. मजकूर लेखनिकाच्या हातचा; शेवटच्या मायेच्या ओळी मात्र तिने स्वहस्ते लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन लेखन फारच विरळा.

त्याच सुमारास टॅसिटसने ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला याचे चरित्र लिहिले. तो ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र वाचताना विचारावे: हे कोणी लिहिले, कोणासाठी, आणि कोणाविषयी मौन पाळले? पराक्रमाची नोंद ग्रंथकाराने ठेवली. या मैत्रीची नोंद केवळ चिखलाने राखली.