क्यूआर कोड आहे, परवाना नाही

जुलै 2025 मध्ये बेंगळुरूच्या चहाच्या टपऱ्यांवरून, बेकऱ्यांतून आणि किराणा दुकानांतून क्यूआर कोड उतरू लागले. त्यांच्या जागी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढच्याच महिन्यात देशातले यूपीआय व्यवहार पहिल्यांदा 2000 कोटींच्या वर गेले. आकडा वर चढत असताना छोट्या विक्रेत्यांचा भरवसा मात्र डळमळला होता.

कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयने जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. मालाची विक्री वर्षाला 40 लाखांवर गेली तर नोंदणी करावी लागते, हा नियम खराच. पण हावेरीतल्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या 1 कोटी 63 लाखांच्या उलाढालीवर 29 लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही! व्यापाऱ्यांनी बंदची हाक दिल्यावर मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल न करण्याचे आश्वासन दिले.

खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो, हे गाडीवर उभे राहिलेल्या कुणालाही ठाऊक असते. मेहुण्याने परत केलेले उसने पैसे तिथेच येतात, गावाहून आलेले पैसेही तिथेच. रिक्षाभाड्यासाठी रोख हवी म्हणून एखादा ग्राहक शंभर रुपये स्कॅन करतो आणि शंभराची नोट घेऊन जातो. घर आणि धंदा एकाच खात्यावर चालतात. शिवाय विक्रीच्या पैशांतला मोठा वाटा दुसऱ्या पहाटे अडत्याच्या हातात पडतो.

आणि हे तंत्रज्ञान या माणसांनी किती सहज आत्मसात केले! यूपीआय 2016 मध्ये आले, त्याच वर्षी नोटाबंदी झाली, मग करोनाने नोटांना हात लावायचीच भीती घातली. जानेवारी 2020 पासून यूपीआयवरचे व्यापारी शुल्क शून्य झाले. तरी अडचण उरली होती: भज्यांच्या पिठात हात असताना फोन कोण बघणार? खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारेही होतेच. मराठीत ‘रुपये मिळाले’ असे मोठ्याने सांगणाऱ्या डब्याने दोन्ही प्रश्न सोडवले, म्हणूनच महिन्याचे भाडे भरूनही विक्रेते तो ठेवतात. हा बदल कौतुकास्पद आहे.

त्या बदल्यात त्यांना काय मिळाले? पीएम स्वनिधी योजना जून 2020 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला पहिले कर्ज 10 हजारांचे होते, वेळेवर फेडले तर 20 आणि मग 50 हजारांचे. व्याजात 7 टक्के सवलत, डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेला मार्च 2030 पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि पहिले कर्ज 15 हजारांचे झाले. सकाळी घेतलेले भांडवल संध्याकाळी व्याजासह फेडणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे. डिजिटल नोंदीचा खरा उपयोग हाच.

मुंबईत मात्र ही नोंद परवान्यापर्यंत पोचत नाही. फेरीवाला कायदा 2014 चा. त्यानंतरच्या सर्वेक्षणात सुमारे एक लाख अर्ज आले आणि जेमतेम 32 हजार पात्र ठरले. बाकीच्यांचा रोजचा गल्ला बँकेला दिसतो, पण पालिकेच्या दप्तरी ते अतिक्रमण करणारेच. पालिकेची गाडी आली की माल उचलला जातो, क्यूआर कोडच्या फलकासकट.

डिजिटल पैशांना कराची भीती चिकटली की काय होते, ते घानात दिसले. घानाने मे 2022 मध्ये मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांवर दीड टक्का कर लावला. लोक रोखीकडे वळले, दर एक टक्क्यावर आणावा लागला आणि एप्रिल 2025 मध्ये करच रद्द झाला. छोट्या विक्रेत्याने रोखीकडे पाठ फिरवली ती सोयीसाठी. सोय संपली की तो परत फिरतो.

ज्यांची उलाढाल खरोखर मोठी आहे त्यांनी कर भरावा, याबद्दल दुमत नाही. पण महाराष्ट्राच्या राज्य कर विभागाने बेंगळुरूसारखी वेळ येण्याआधीच लेखी जाहीर करावे, की निव्वळ यूपीआय जमेवरून नोटीस निघणार नाही; आधी मालाचे स्वरूप आणि खरेदीची बिले पाहिली जातील. आणि मुंबई महापालिकेने वर्षानुवर्षे एकाच जागी धंदा केल्याचा पुरावा म्हणून याच डिजिटल नोंदी ग्राह्य धरून रखडलेले विक्री परवाने द्यावेत.