टॅबलेटवर ‘विंडो’ आल्या, पण जोयड्याच्या मुलांना संगणक मिळाला का?

जोयडा : कर्नाटक सरकारने जून २०२१ मध्ये सरकारी पदवी, अभियांत्रिकी व पॉलिटेक्निक महाविद्यालयांतील सुमारे १ लाख ५५ हजार विद्यार्थ्यांना टॅबलेट वाटायला सुरुवात केली. त्याआधी पदवीच्या मुलांना लॅपटॉप दिले जात. कोरोनामुळे वर्ग बंद होते, त्यामुळे व्हिडिओ पाहायला, नोट्स वाचायला टॅबलेट पुरेसा वाटला. पण पुढे नोकरीत जे काम करावं लागतं ते त्यावर शिकता येतं का, हा प्रश्न तेव्हा मागे पडला.

आता तो पुन्हा विचारायची वेळ आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि अनेक घरांतले, दुकानांतले जुने संगणक बदलायला आले. त्याच वर्षी आयपॅडवर आणि अँड्रॉइडच्या मोठ्या टॅबलेटवर संगणकासारख्या लहान-मोठ्या करता येणाऱ्या, सरकवता येणाऱ्या विंडो आल्या. सॅमसंगने तर ही सोय २०१८ मध्येच टॅबलेटवर आणली होती. साहजिकच ‘आता लॅपटॉप कशाला?’ असं दुकानदार म्हणणार.

बोट आणि बाण

अडचण जुनीच आहे. विंडो ही कल्पना माऊससाठी जन्मली. माऊसच्या बाणाचं टोक सुईसारखं, तर बोटाचा ठसा जवळपास सेंटिमीटरभर. कोपऱ्यातली फुली दाबायला जावं तर शेजारचं बटण दाबलं जातं. माऊसचं उजवं बटण नाही, म्हणून बोट दाबून धरावं लागतं. टायपिंगला गेलं की पडद्यावरचा कीबोर्ड निम्मी जागा खातो. मग दोन विंडो शेजारी उघडून फायदा काय?

मायक्रोसॉफ्टनेही यात हात पोळून घेतले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये बोटासाठी मोठ्या चौकटी आणल्या आणि स्टार्ट बटणच काढलं. लोक वैतागले, २०१३ मध्ये बटण परत आलं. विंडोज १० मध्ये वेगळा टॅबलेट मोड दिला, २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तो पुन्हा काढला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे नीट जुळवता आलं नाही, ते एका अपडेटने जुळेल असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

टॅलीचं काय?

बी.कॉम.च्या मुलाचं उदाहरण घ्या. हिशेबाच्या नोकरीला टॅली लागतंच. टॅली विंडोजच्या संगणकावर चालतं आणि त्याचा सगळा वेग कीबोर्डात आहे: एफ ५ ने पेमेंट, एफ ६ ने रिसीट, एफ ८ ने विक्री. अँड्रॉइड टॅबलेटवर कितीही विंडो उघडा, हा हात बसत नाही. दुसरीकडचा संगणक इंटरनेटवरून टॅबलेटवर चालवता येतो, पण त्याला अखंड नेटवर्क हवं. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात विखुरलेल्या वाड्यांत फोन लागायची मारामार, तिथे हा उपाय कागदावरच राहतो.

म्हणजे टॅबलेट वाईट असं नाही. बॅटरी टिकते, वजन कमी, धडे साठवून ठेवता येतात. ब्लूटूथ कीबोर्ड आणि माऊस जोडला तर पत्र लिहिणं, साधी एक्सेल शीट भरणं जमतं. पण तो खर्च धरून स्वस्त लॅपटॉपशी तुलना करायला हवी. पालकांनी विकत घेण्याआधी मुलाला लागणारा प्रोग्रॅम त्यावर खरंच चालतो का, तोही नेट नसताना, हे दुकानातच चालवून पाहावं.

सरकारलाही हेच लागू होतं. पुढचं वाटप होईल तेव्हा किती टॅबलेट दिले याबरोबर, सोबत कीबोर्ड दिला का आणि महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा किती तास उघडी असते, हेही विचारलं पाहिजे. शहरातला मुलगा उरलेलं सायबर कॅफेत किंवा क्लासमध्ये शिकतो. जोयड्याच्या आतल्या गावातल्या मुलाला त्यासाठी दांडेलीची बस पकडावी लागते, आणि संध्याकाळची परतीची बस चुकली की मुक्कामाचा प्रश्न.