पहिलीत न बसलेली मुलं



परवा माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, कोरोना संपून किती वर्षं झाली! मुलं पुन्हा शाळेत गेली, मोठी झाली. तू अजून तिथेच?" हो बाबा, मी अजून तिथेच. त्याच्या मुलीला त्या काळात टॅब होता, वेगळी खोली होती आणि शेजारी बसून गणितं सोडवून घेणारी आई होती. तिचं काही बुडालं नाही, याचा मला आनंदच आहे. पण "मुलं" या शब्दाचा अर्थ आपल्या घरातली मुलं एवढाच नाही.

मी बोलतेय जून २०२० मध्ये ज्यांचं नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढलं त्यांच्याबद्दल. नाव चढलं, पण मुलं काही बसली नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेल्या शाळा ग्रामीण भागात पहिली ते चौथीसाठी उघडल्या त्या १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिन्यांनी! तोवर ही मुलं दुसरीचं अर्धं वर्ष संपवून बसली होती, कागदावर. आणि सव्वा महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, पुन्हा कुलूप. ते निघायला महिनाअखेर उजाडली.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद केल्या ते बरोबरच होतं. रोग नवा होता, भीती खरी होती. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तर आमच्या ओळखीतली किती माणसं गेली. तेव्हा शाळा चालवा असं म्हणण्याची माझीही छाती झाली नसती. माझं भांडण आहे ते उघडण्याच्या क्रमाशी.

दारूची दुकानं मे २०२० मध्ये उघडली. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला. देवळं त्याच वर्षी दिवाळी पाडव्याला, म्हणजे १६ नोव्हेंबरला. आमच्या महडच्या वरदविनायकाचंही दर्शन सुरू झालं. त्यानंतर २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी. दुसऱ्या लाटेत सगळं बंद झालं आणि पुन्हा उघडलं तेव्हाही मोठी मुलं आधी, धाकटी शेवटी. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या त्या धाकट्या मुलांपासून. कारण सरळ आहे, पंधरा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडून काहीतरी वाचेल. सहा वर्षांच्या मुलाला अजून पुस्तक उघडायचं असतं हेच शिकायचंय. जुलै २०२१ मध्ये खुद्द आयसीएमआरचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव म्हणाले होते की आधी प्राथमिक शाळा उघडणं शहाणपणाचं. आपण ऑक्टोबरमध्ये पाचवीपासून पुढच्या उघडल्या! ज्याला अक्षर येत नाही त्याने फोनवर शिकावं आणि ज्याला येतं त्याने वर्गात यावं, हा न्याय कुणी शोधून काढला देव जाणे.

"शाळा बंद, पण शिक्षण आहे" अशी घोषणा होती. सह्याद्री वाहिनीवर "टिलीमिली" मालिका लागायची, पहिली ते आठवीसाठी. करणाऱ्यांनी मनापासून केली होती, त्यांना नावं ठेवणार नाही. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गावं, वाड्या पुढचे दिवसच्या दिवस अंधारात होत्या. टीव्ही लावायचा कशावर? आमच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे जातो, टोलनाक्यावर गाड्यांची रांग असते. तिथून तास-दीड तास डोंगर चढून एखाद्या ठाकरवाडीत गेलात तर फोनला रेंज यायला टेपाडावर जावं लागायचं. आणि फोन असायचा बापाकडे, जो सकाळी कामावर निघून जायचा. कातकरी मुलांचं तर आणखीच. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर गेले की मूलही तिकडेच. या मुलांच्या घरची बोली वेगळी, घरात छापलेला कागद नाही. त्यांच्यासाठी मराठी अक्षर राहतं ते एकाच ठिकाणी, शाळेच्या भिंतीवर. त्या भिंतीलाच आपण कुलूप लावलं. शाळेतली गरम खिचडी बंद होऊन तांदूळ-कडधान्य वाटलं गेलं तेही घरातल्या सगळ्या तोंडांत वाटलं गेलं, हे वेगळं सांगायला नको.

मग काय करायला हवं होतं, असं विचारणारे विचारतील. उत्तर नवीन नाहीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा कुरणात न्यायची! वीटभट्टीवरच्या मुलांसाठी नव्वदच्या दशकात ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या, भट्टीच्या झोपड्यांशेजारी. उघड्यावर, थोडी मुलं, अंतर राखून. साथीत याहून चांगली शाळा कोणती असणार होती? कितीतरी शिक्षकांनी ओट्यावर, झाडाखाली वर्ग घेतलेही, पण ते स्वतःच्या जबाबदारीवर, कुणी तक्रार करील का या धास्तीत. सरकारी हुकमाने त्यांना मिळालेली कामं म्हणजे "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चं घरोघर सर्वेक्षण, चेकनाक्यावर आणि रेशन दुकानावर पहारा. म्हणजे मास्तर वाडीतल्या दारोदार जात होता, फक्त हातात पाटी-पुस्तकाऐवजी तापमापक होता. त्यालाच सांगायचं होतं ना, आलाच आहेस तर तासभर अंगणात मुलं घेऊन बस म्हणून!

१ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला. पण प्राथमिक शाळा तेव्हा बंदच होत्या. सेतू बांधला आणि माणसं ज्या काठावर होती तिथे तो पोचलाच नाही. असो.

आता भाच्याचा मुद्दा: भरून निघालं. आकडे मी पाहिले आहेत. "असर"च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०१८ साली तिसरीतल्या शंभरातल्या २७.३ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ वर आलं. तिसरीतली ती मुलं म्हणजे हीच, पहिलीत न बसलेली. २०२४ मध्ये तिसरीचा आकडा पुन्हा २७.१ झाला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. अहो, पण ही तिसरीची मुलं वेगळी! ती पहिलीत आली २०२२ मध्ये, उघड्या शाळेत. आपली मुलं तेव्हा पाचवीत होती, आणि पाचवीचा आकडा होता ४८.८. खरं आहे, २०१८ मधल्या पाचवीचा ५०.५ होता, म्हणजे मुलं बरीच सावरली, आणि त्याचं श्रेय शिक्षकांचं. पण पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, याला "पूर्ववत झालं" म्हणायचं असेल तर म्हणा. सरासरीत सावरलेली मुलं दिसतात. न सावरलेली कोणत्या वाडीत राहतात ते दिसत नाही.

आणि याच मुलांच्या वाट्याला काय आलं पाहा. जुलै २०२१ ला सुरू झालेल्या "निपुण भारत"चा सगळा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर. ही मुलं २०२३ च्या जूनमध्ये चौथीत गेली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, फेरपरीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात ठेवायचं. ही मुलं पाचवीत पोचली २०२४-२५ मध्ये, अगदी वेळेवर. परीक्षेला माझा विरोध नाही, जन्मभर पेपरच तपासले. पण वीस महिने शाळा आपण बंद ठेवायची आणि नापासाचा शिक्का मुलावर मारायचा? बुडालेल्या वर्षाचा हिशेब त्याच्याकडून का मागता? तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शिवाय २०२३ मध्येच वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. डोंगरातल्या वाडीची शाळा वीस पटाची नसते, नसणारच, कारण वाडीच तेवढी असते.

माझं मागणं छोटं आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने जून २०२० चा पहिलीचा हजेरीपट काढावा. त्यातलं एकेक नाव घेऊन मूल आज कुठे आहे ते शोधावं: शाळेत, आश्रमशाळेत, भट्टीवर की सासरी. (हो, सासरीसुद्धा. काही वर्षांत तोही रकाना लागेल.) त्याच्यासमोर दुसरीचं पुस्तक ठेवून ऐकावं. अडखळलं तर रोज एक तास, वर्षभर, पगार देऊन माणूस नेमून त्याला वाचायला बसवावं. मूल भट्टीवर असेल तर भट्टीवर जाऊन. डी.एड. होऊन घरी बसलेली पोरं गावोगाव आहेत. आणि आमच्यासारखे निवृत्त लोक पगाराशिवाय येतील. गुडघे कुरकुर करतात तेवढीच अडचण. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघींनी होकार दिला आहे, तिसरी म्हणते रिक्षाचं भाडं मिळालं तर.

ही मुलं दहावीला बसतील मार्च २०३० मध्ये. तोवर तो हजेरीपट कपाटात आहे का एवढं तरी, जवळच्या शाळेत गेलात तर विचारून या.