ऑपेरा हाऊस पाहण्याची रीत

नाट्यगृह ही बाहेरून पाहायची गोष्ट आहे, असा आपल्याकडे एक समज पसरला आहे. तो पसरवण्याचं पुण्यकार्य परदेशवारी करून आलेल्या मंडळींचं. विठ्ठलवाडीला आमच्या सोसायटीतली तीन कुटुंबं सिडनीचं ऑपेरा हाऊस पाहून आली. तिघांचे मिळून फोटो दोनेकशे. ‘आत कसं आहे हो?’ असं विचारलं, तर शेजारचे काका म्हणाले, ‘आत? आत तिकीट होतं!’

१९७३ साली उघडलेल्या त्या इमारतीचा आराखडा करणारा यॉर्न उट्झन नावाचा डॅनिश गृहस्थ १९६६ सालीच काम सोडून निघून गेला आणि पुरं झालेलं ऑपेरा हाऊस त्याने उभ्या जन्मात पाहिलं नाही. त्याचं एक वेळ समजू शकतं; सरकारकडे बिचाऱ्याचे पैसे थकले होते. काकांचे कुठे थकले होते?

आपल्या मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाऊस तर लोकलच्या तिकिटात गाठता येतं. दादरला पूल ओलांडायचा, चर्चगेट स्लो धरायची, चर्नी रोडला उतरून थोडं चालायचं. पण ‘ऑपेरा हाऊस’ म्हटलं की आपल्याला आठवतो बसस्टॉप, नाहीतर हिऱ्यांचे व्यापारी. या नावाची खरोखरीची एक इमारत तिथे आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं. ज्यांच्या असतं, ते फुटपाथवरून फोटो काढतात आणि ‘वारसा जपला पाहिजे’ असं म्हणत मिसळ खायला जातात.

माझं भांडण या मंडळींशी आहे. नाट्यगृह पाहायचं आणि प्रयोग नको, म्हणजे पंगतीत शिरून ताटावाट्यांची वाहवा करायची आणि उपाशी बाहेर पडायचं!

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘ते इंग्रजांचं हो, आपलं काय त्यात?’ पंचम जॉर्जने १९११ साली त्याचं उद्घाटन केलं हे खरं. तेव्हा बांधकाम अपुरंच होतं. उद्घाटनाची ती पद्धत तर आपण प्राणपणाने जपली आहे. पण पुढे तिथे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. १९४० च्या दशकात पृथ्वीराज कपूर तिथे नाटकं करत आणि प्रयोग संपला की दाराशी झोळी पसरून उभे राहत. एवढा पहाडासारखा नट, पण नाट्यगृहाला नुसत्या कौतुकावर दिवस काढता येत नाहीत, हे तो जाणून होता.

बँकेत आमच्याकडे ‘निष्क्रिय खातं’ नावाचा एक प्रकार असतो. खातेदार दोन वर्षं फिरकला नाही, की खातं निष्क्रिय. मग त्यात लाखभर रुपये का असेनात. दहा वर्षं फिरकला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. ऑपेरा हाऊसचं नेमकं हेच झालं. पुढे तिथे सिनेमे लागले, १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. मग घरोघरी व्हिडिओ आला, प्रेक्षक सोफ्यावर बसला आणि १९९३ साली दाराला कुलूप लागलं. आत ससून घराण्याने दिलेली झुंबरं होती, सोनेरी नक्षी होती. शिल्लक भरपूर, व्यवहार शून्य. २०१२ साली जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं. आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी ते पुन्हा उभं केलं आणि २०१६ च्या ऑक्टोबरात, तब्बल तेवीस वर्षांनी, पडदा वर गेला. त्या तेवीस वर्षांत बाहेरून पाहायला कोणी बंदी केली नव्हती. बाहेरून पाहिल्याने वास्तू तगत असती, तर कुलूप लागलंच नसतं.

दुसरा आक्षेप आमच्याकडच्यांचा : ‘उशीर होतो, शेवटची कर्जत लोकल चुकते.’ मेहुण्याच्या लग्नाच्या रिसेप्शनला आइस्क्रीमच्या रांगेत तासभर उभं राहताना ही कर्जत लोकल कोणाला आठवत नाही. तिसरा आक्षेप तिकिटाचा. चौघांनी हॉटेलात पनीर आणि नान मागवले की बिल किती येतं, ते मी इथे सांगत नाही.

शिवाय ती इमारत बांधली गेली मायक्रोफोन नसलेल्या काळात. गाणाऱ्याचा आवाज अगदी गॅलरीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचावा, असं तिचं छत रचलेलं आहे. आता आवाज फोटोत कसा येणार? त्यासाठी त्या छताखाली दोन तास गप्प बसावं लागतं. मराठी माणसाला ते जड जातं, पण अशक्य नाही.

तेव्हा चर्नी रोडला जाल तर आधी तिकीट काढा. अगदी मागचं, अगदी स्वस्तातलं असलं तरी चालेल. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, त्यांनाही हाच नियम लावा. आत गेल्यावर मोबाईल बंद करा. झुंबरं कुठे पळून जात नाहीत. मध्यंतरात दिवे लागले की दिसतात.