दवाखान्याच्या खुर्चीतून : गोळ्या कोणी थांबवल्या?

बीपी तपासून झालं, तरी काकू दाराशी घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, त्याच्या गोळ्या आम्ही दोन महिन्यांपूर्वी थांबवल्या. आता बरा आहे ना! शिवाय वजन किती वाढलं होतं."

मुलगा २४ वर्षांचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मित्र आपल्याविरुद्ध कट करताहेत असं त्याला वाटू लागलं, कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि औषधांनी तो सावरला. सर्दी-तापाला माझ्याकडेच यायचा, पण त्या गोळ्यांबद्दल मी कधी विचारलं नाही. 'ते तज्ज्ञांचं काम' म्हणून सोडून दिलं. चूक माझी.

"झोपतो का रात्री?" मी विचारलं.

"कुठलं! जागाच असतो. जेवायलाही खोलीबाहेर येत नाही."

आजार परतण्याची ही चाहूल. गोळी थांबवली की तो दुसऱ्या दिवशी परतत नाही, कधी काही आठवडे, कधी काही महिने जातात. तेवढ्यात घरच्यांना वाटतं, गोळीची गरजच नव्हती! पहिल्या झटक्यानंतरही औषध साधारण एक-दोन वर्षं तरी चालू ठेवतात. कमी कधी, किती करायचं, ते तज्ज्ञच ठरवतात.

काकूंची तक्रार मात्र खोटी नव्हती. यातल्या काही औषधांनी भूक, वजन, साखर, कोलेस्टेरॉल वाढतं. या रुग्णांचं आयुष्य कमी होतं, त्याला हृदयविकारासारखे शरीराचे आजार मोठं कारण आहेत. म्हणून वजन, कमरेचा घेर, बीपी आणि रक्ततपासणी वेळोवेळी हवीच. ती तर आमच्यासारख्या जवळच्या डॉक्टरांकडेही होते. त्रास होत असेल तर औषध बदलता येतं, आपल्या मनाने बंद करू नये.

तरुण मित्रांनो, हा आजार बहुधा तुमच्याच वयात सुरू होतो. भाऊ, मैत्रीण एकाएकी तुटक, संशयी झाली, झोप उडाली, तर थट्टा नको आणि 'असं काही नसतंच' असा वादही नको. सोबत डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी जा, तोवर एकटं सोडू नका. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो.

त्या मुलाला त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे पाठवलं. औषध बदललं. आता तो दर महिन्याला येतो, वजनकाट्यावर उभा राहतो. आणि मी न चुकता विचारतो, "गोळ्या चालू आहेत ना?"