एक पूर्णविराम आणि क्विंटलमागे शंभर रुपये

"उद्या सोयाबीन घेणार नाही आणलं तर परवा दर उतरेल"

मागच्या हंगामात आमच्या भागातल्या एका व्यापाऱ्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला हा मेसेज. आता सांगा, उद्या खरेदी आहे की नाही?

त्याला म्हणायचं होतं, "उद्या सोयाबीन घेणार. नाही आणलं तर परवा दर उतरेल." पण बऱ्याच जणांनी "घेणार नाही" इथपर्यंत वाचलं आणि मोबाईल खिशात टाकला. परवा माल नेला, तेव्हा क्विंटलमागे शंभर रुपये कमी. भांडण झालं. व्यापारी मोबाईल दाखवून म्हणाला, "मी तर कळवलं होतं!" खरंय, कळवलं होतं. पण कळलं नव्हतं.

मंडळी, शुद्धलेखन म्हटलं की आपल्याला शाळेतली लाल शाई आठवते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालचे, १९७२ मध्ये त्यात भर पडून १८ झाले. ते सगळे किराणा दुकानदाराला पाठ हवेत, असं माझं म्हणणं नाही. कुणी 'आनी' लिहिलं म्हणून मी त्याच्याकडची साखर घ्यायची थांबवणार नाही. गावाकडची बोली ही चूक नव्हेच. पण जिथे पैसा, तारीख, वजन आणि 'नाही' हा शब्द येतो, तिथे 'समजून घ्या ना' चालत नाही. पूर्वी व्यवहार समोरासमोर व्हायचा, शंका लगेच विचारता यायची. आता मेसेज हीच पावती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असले खोटे मेसेज आठवतात ना? महावितरणने वारंवार सावध केलं, तरी लोक फसले. अशा मेसेजमधली मोडकीतोडकी भाषा ही धोक्याची पहिली खूण असते. पण खऱ्या पतसंस्थेचा, खऱ्या दुकानाचा मेसेजही तसाच गचाळ येत असेल, तर आमच्या आजीने खरं-खोटं ओळखायचं कसं? आणि हल्ली भामटेही शुद्ध लिहायला लागलेत. म्हणजे खऱ्याने तर त्याहून नीट लिहायला हवं! (फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.)

आमच्याकडे छापखान्यात मुद्रितशोधक असायचे. बातमीतला एक आकडा चुकला तरी ओरडायचे. आता प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे, मुद्रितशोधक मात्र कुठेच नाही.

म्हणून व्यापारी बंधू-भगिनींना, बचत गटाच्या ताईंना एकच विनंती. बोलून टाईप करा, हरकत नाही. पण पाठवायच्या आधी मेसेज एकदा मोठ्याने वाचा. दहा सेकंद लागतात. चूक तुमची असते, फटका गिऱ्हाईकाला बसतो. आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, तेही न कळवता.

तुम्हाला असा फटका बसलाय का? कमेंटमध्ये लिहा. आणि हो, या पोस्टमध्ये चूक सापडली तर तीही सांगा. दुरुस्त करतो.