ड्रॉइंग नाही, नुसता नमुना आहे!

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडच्या वाचकांना मागाचा टॅपेट म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. धोट्याच्या साध्या मागावर धोटा या पेटीतून त्या पेटीत फेकण्याचे काम हा बिडाचा भाग करतो. तो फिरतो, त्याचे नाक रोलरवर आपटते आणि धोटा सुटतो. दिवसभरात हे हजारो वेळा घडते. साहजिकच नाक झिजते, कधी तडकते. माग जुना, बनवणारा कारखाना कधीच बंद झालेला, ड्रॉइंगचा पत्ता नाही. मग मालक तो टॅपेट पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये येतो आणि म्हणतो, “असाच एक करून द्या.”

सगळी गोम या ‘असाच’ शब्दात आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आय.टी.आय. करून वर्कशॉपमध्ये लागतात. सी.एन.सी. मशीनवर जॉब चढवणे, बटण दाबणे, जॉब उतरवणे यातच त्यांची पहिली वर्षे जातात. त्यातून वर सरकायचे तर माप घेण्याची विद्या हवी. नमुन्यावरून भाग करणे हा त्या विद्येचा कस पाहणारा प्रकार आहे, म्हणून आज त्याविषयी लिहितो.

नमुना पाहून नक्कल करणारी यंत्रे नवी नाहीत. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने १८१९ साली बंदुकीचे लाकडी दस्ते नमुन्यावरून कातणारा लेथ केला होता. एक चाक नमुन्यावरून फिरे आणि त्याच्या जोडीने कटर चाले. पुढे कॉपी मिलिंग आले, तेही याच तत्त्वावर. या यंत्रांत आकडा कुठेच नसे. नमुना काढून घेतला की माहितीही गेली.

प्रोबने आकार आकड्यांत आणला. डेव्हिड मॅकमर्ट्री हा रोल्स-रॉईसमधला इंजिनिअर. कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनातल्या बारीक नळ्या मोजताना अडचण येत होती, तेव्हा १९७२ साली त्याने हा स्पर्श ओळखणारा प्रोब तयार केला. १९७३ मध्ये त्यातूनच रेनिशॉ ही कंपनी उभी राहिली. तिचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे.

आतली रचना अगदी साधी आहे. तीन दांड्या, प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर टेकलेली, आणि या सर्वांतून वाहणारा बारीकसा विद्युतप्रवाह. खाली काडी, काडीच्या टोकाला माणकाची चकचकीत गोळी. गोळी कशाला लागली की दांडी किंचित उचलते, प्रवाहात अडथळा येतो आणि मशीनला इशारा मिळतो. फॅनक कंट्रोलवर ‘जी ३१’ची आज्ञा दिली असेल तर सरक तिथेच थांबते आणि त्या क्षणीचे एक्स, वाय, झेडचे आकडे जपून ठेवले जातात. काडी सोडली की स्प्रिंग तिला पुन्हा नेमक्या त्याच जागी बसवते. खरी करामत या परत बसण्यात आहे. (प्रोब स्पिंडलमध्ये असताना चुकून स्पिंडल फिरवला तर काडी गेलीच म्हणून समजा.)

आता मुख्य गोष्ट. मशीनने लिहिलेला आकडा नमुन्याचा नसतो, गोळीच्या मध्याचा असतो. गोळी ६ मि.मी. व्यासाची असेल तर मध्य पृष्ठभागापासून ३ मि.मी. दूर राहतो. “मग ३ वजा करा, झाले,” असे पुष्कळजण म्हणतात. प्रोब पृष्ठभागावर काटकोनात जात असेल तिथे हे बरोबर आहे. पण टॅपेटच्या नाकाजवळ उतार असतो. ४५ अंशाच्या उतारावर गोळी टोकाने न टेकता गालाने टेकते आणि प्रोबच्या चालीच्या दिशेने मोजले तर मध्य ४.२४ मि.मी. मागे राहतो. सरसकट ३ वजा केलेत तर तिथे सव्वा मिलिमीटरची चूक! जिथे आघात होतो, नेमकी तिथेच.

यावर जुन्या कारागिरांची युक्ती छान आहे. गोळी ६ मि.मी. तर कटरही ६ मि.मी.चाच घ्यायचा आणि गोळीचा मध्य ज्या वाटेने गेला त्याच वाटेने कटरचा मध्य न्यायचा. वजाबाकीच नको. मात्र कटर झिजून ५.९५ झाला असेल तर नग प्रत्येक बाजूला अडीच शतांश मिलिमीटर जाड निघतो, म्हणून कटर आधी मायक्रोमीटरने मोजावा. आणखी एक मर्यादा आहे. आतल्या कोपऱ्याची गोलाई गोळीच्या त्रिज्येपेक्षा बारीक असेल तर तो कोपरा प्रोबला कळतच नाही.

बिंदू किती घ्यायचे? सपाट पत्रावळीसारखा १०० मि.मी. चौरसाचा तुकडा दर मिलिमीटरला टिपला तर १०,२०१ बिंदू होतात. एकाला दोन सेकंद धरले तरी पावणेसहा तास जवळजवळ लागतात. टॅपेटला इतके नको. मध्याकडे रोखून दर अंशाला एक असे ३६० बिंदू, तीन सेकंदांच्या हिशेबाने १८ मिनिटांत होतात. गोल भागात तेवढे पुरेत. नाकाच्या पट्ट्यात मात्र पाव अंशाला एक बिंदू घ्या.

आता त्या ‘असाच’कडे वळू. नमुना झिजलेला आहे म्हणूनच तो आपल्याकडे आला. प्रोबला झीज आणि आकार यातला फरक कळत नाही. त्याने खड्डाही इमानदारीने टिपला आणि आपण तोही कापला तर मालकाला नवा कोरा, पण जन्मतःच झिजलेला टॅपेट मिळेल. धोटा पेटीत पुरता पोचणार नाही, माग धाडकन बंद पडेल. कधी धोटा ताण्यातच अडकून शेकडो तारा तुटतील आणि त्या जोडण्यात मजुरीचा खाडा होईल. त्याचा भुर्दंड बहुतेकदा विणणाऱ्यावरच पडतो.

म्हणून मालकाकडून एक नव्हे, त्याच जातीच्या मागांचे तीन-चार टॅपेट मागवून घ्यावेत. प्रत्येक टॅपेट मध्यभागाच्या भोकावरून आणि चावीच्या खाचेवरून जुळवून टिपावा. बाहेरच्या कडेवरून जुळवू नये, कारण तीच झिजलेली असते. मग चारही आकडे शेजारी मांडावेत. झीज धातू घेऊन जाते, वाढवत कधी नाही. तेव्हा प्रत्येक अंशावर ज्या टॅपेटची कड सर्वांत बाहेर येते, ती मूळ आकाराच्या सर्वांत जवळची. मात्र वितळून चढवलेला वेल्ड किंवा ओतकामाचा फुगीर डाग कुठे आहे का, ते बोट फिरवून आधी पाहावे. असा डाग या हिशेबात खोटे बोलतो. खाचेची एक बाजूही दबलेली असते, तेव्हा न दबलेली बाजू धरावी.

मशीनवर कापण्याऐवजी ओतकामासाठी साचा करायचा असेल तर हे आकडे तसेच चालत नाहीत. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. तेवढी वाढ आधीच द्यावी लागते.

परक्याचा भाग उतरवताना कायद्याचेही पाहावे. डिझाईन्स ॲक्ट, २००० खाली नोंदवलेल्या डिझाईनला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण असते, पेटंटला २०. मागाचे जुने टॅपेट त्यात येण्याचा संभव नाही, पण नव्या यंत्राचा भाग आला तर विचारून घेणे बरे.

नग तयार झाला की तपासणी त्याच मशीनच्या त्याच प्रोबवर करू नका. मशीनचा स्क्रू जिथे चुकतो तिथे मोजतानाही चुकतो आणि कापतानाही चुकतो, मग सगळे जुळल्यासारखे दिसते. नग मँड्रेलवर चढवावा, डायल लावावा आणि दहा-दहा अंशांवर फिरवून आकडे लिहावेत. आणि डझनभर कापण्यापूर्वी एकच नग एका मागावर बसवावा. तो माग चालवणाऱ्याला विचारावे, धोटा दोन्ही पेट्यांत सारखा येतो का, आवाज बदलला का. त्याचे उत्तर आल्यावरच उरलेले अकरा कापायला घ्यावेत.